घराजवळच्या तळ्याची शिरगणती: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी नवी मुंबईत आमच्या भागातल्या एका पाणथळ जागेच्या कडेला रात्रीचे डंपर येऊ लागले. राडारोडा पडत होता. आम्ही पाच-सहा जण अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तीन प्रश्न विचारले. तिथे कोणते पक्षी येतात? किती येतात? आणि पूर्वीपेक्षा कमी झाले, हे तुम्ही कशावरून म्हणता?

आमच्या मोबाइलमध्ये शेकडो फोटो होते. बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेले, ना तारीख ना ठिकाण. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही अर्धवट दिलं, दुसऱ्याचं अंदाजाने, आणि तिसऱ्याचं देताच आलं नाही. त्या पाण्याच्या कडेने वर्षानुवर्षं रोज चालणारी माणसं आम्ही, पण लिहून ठेवलेली एक ओळ आमच्याकडे नव्हती.

त्यानंतर आम्ही घराजवळच्या होल्डिंग पाँडवर, म्हणजे पाणी साठवायला आखलेल्या तळ्यावर, दर रविवारी पक्षी मोजायला लागलो. त्यातून जे हाताशी आलं ते नवीन माणसाला उपयोगी पडावं म्हणून इथे क्रमाने मांडतो आहे. यासाठी शास्त्राची पदवी लागत नाही, महागडा कॅमेरा लागत नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणं आणि जे दिसलं ते त्याच दिवशी लिहिणं, एवढं मात्र लागतं.

जागा निवडा, आणि लहान निवडा

पक्षी म्हटले की येऊरचं जंगल, ऐरोलीची खाडी, कर्नाळा ही नावं डोळ्यांपुढे येतात. तिथे जरूर जा. पण मोजणीसाठी घरापासून दहा-पंधरा मिनिटांत चालत पोहोचता येईल अशी जागा घ्या. लांबच्या जागी वर्षातून तीनदा जाणं होतं, तेही हिवाळ्यात. जवळच्या जागी जूनमध्ये छत्री घेऊनही जाता येतं, आणि जूनची नोंद फार कमी लोकांकडे असते.

ठाण्यात राहत असाल तर मासुंदा, उपवन, कचराळी, रेलादेवी अशी तळी शहराच्या पोटातच आहेत. नवी मुंबईत बहुतेकांच्या चालण्याच्या टप्प्यात एखादा होल्डिंग पाँड असतो. या तळ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून ऐन भरतीत पाऊस कोसळला तर पाणी साठवायला जागा हवी, या विचाराने डच पद्धतीवर ही तळी आखली गेली. खाडीकडच्या तोंडाला झडपा असतात. भरतीचं पाणी आपल्याच दाबाने त्या बंद करतं, ओहोटीला त्या उघडतात आणि तळ्यातलं पाणी खाडीत जातं. हे ठाऊक असलं की एका रविवारी तळं काठोकाठ का आणि दुसऱ्या रविवारी निम्मा गाळ उघडा का, याचा उलगडा होतो. आणि गाळ उघडा असेल तर पक्षी वेगळे असतात.

जागा ठरली की तिचा नकाशा हाताने काढा. सुबक नको, खरा हवा. पाण्याची कड, तिवरांचा पट्टा, मोठी झाडं, जॉगिंग ट्रॅक, पंप हाऊस, कचरा टाकायची जागा. मग हद्द ठरवा: या भिंतीपासून त्या पुलापर्यंत. हद्दीबाहेर धनेश बसलेला दिसला तर बघा, आनंद घ्या, पण या नोंदीत धरू नका. हद्दीत चार किंवा पाच थांबे निश्चित करा आणि दर वेळी त्याच क्रमाने जा. आमचा पहिला थांबा पंप हाऊसजवळ आहे, शेवटचा एका रेन ट्रीखाली. हा क्रम आम्ही सुरुवातीपासून बदललेला नाही, आणि त्यामुळेच आमच्या पहिल्या वर्षाची तुलना आजच्याशी होऊ शकते.

परवानगीचं म्हणाल तर सार्वजनिक उद्यान किंवा तळ्याकाठी सहसा अडचण येत नाही, तरी सुरक्षारक्षकांना आधी भेटून सांगा. दुर्बीण गळ्यात घालून इमारतींच्या दिशेने बघणारा माणूस कोणालाही संशयास्पद वाटतो. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे वनविभागाच्या नियमांनीच जावं लागतं. बिबट्याचा वावर आहे, अंधारात किंवा एकट्याने जाऊ नका.

आधी पाणी बघा, मग घड्याळ

ही पायरी सगळ्यात जास्त लोक वगळतात. म्हणून तिच्यावर थोडा वेळ घालवतो.

ठाणे खाडीतले फ्लेमिंगो, म्हणजे रोहित, ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळावर चरतात. भरतीला तो गाळ पाण्याखाली गेला की त्यांतले बरेचसे नेरुळ-सीवूड्सच्या बाजूला डीपीएस तळं, एनआरआय वसाहतीजवळची पाणथळ अशा ठिकाणी विसाव्याला येतात. बाकीचे किनारपक्षीही तसेच. आता समजा तुम्ही एका रविवारी भरतीला गेलात आणि दोन हजार मोजले, पुढच्या रविवारी ओहोटीला गेलात आणि तळं रिकामं. पक्षी गेले असं लिहाल, आणि ते तर दोन किलोमीटरवर चरत असतील.

म्हणून भरतीची वेळ काढूनच निघा. मोबाइलवर तक्ते मिळतात. पण वाशी, घणसोली, दिवा, ऐरोली या गावांतल्या कोळ्यांना तक्ता लागत नाही. आमच्या तळ्याजवळ एक काका संध्याकाळी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, दुरुस्त करत बसतात. मी त्यांना पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आज दशमी ना? मग पानी साडेसातला भरेल." हिशोब असा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. दशमीचे दहा, पाऊणपट साडेसात. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे, दुपारी बाराच्या आसपास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, नियम तोच. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. खाडीच्या आत पाणी पोहोचायला थोडा उशीर होतो तेवढा धरून चाला. मी आजही तक्ता बघतो, पण आधी पंचांगावरून हिशोब करतो आणि मग पडताळतो.

शक्य असेल तर दर वेळी पाण्याच्या एकाच स्थितीला मोजा. आमच्यासारखी रविवारची सक्ती असेल तर निदान भरती होती की ओहोटी, पाणी चढत होतं की उतरत होतं, हे प्रत्येक नोंदीवर लिहा. भरतीचा परिणाम नसलेल्या तळ्यांवर, म्हणजे ठाण्यातल्या बहुतेक तळ्यांवर, हा प्रश्न येत नाही. तिथे सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास पकडले की झालं.

सोबत काय न्यावं

वही आणि पेन्सिल. पेन नको, पावसात शाई फुटते. आठ पटीची साधी दुर्बीण दोघा-तिघांत एक पुरते. टोपी, पाणी, डास चावू नयेत म्हणून पूर्ण बाह्या. कपडे मातकट किंवा हिरवट. बाकी काही नको.

आधी दहा जणांशी ओळख

नवीन माणूस पुस्तक उघडतो, शेकडो चित्रं बघतो आणि घाबरतो. भारतात पक्ष्यांच्या तेराशेहून जास्त जाती आहेत, पण तुमच्या तळ्यावर पहिल्या महिन्यात तीस-पस्तीसच भेटतील, आणि त्यांतले दहा दर वेळी. आमच्याकडचे दहा असे: कावळा, घार, साळुंकी, बुलबुल, वंचक, छोटा बगळा, खंड्या, छोटा पाणकावळा, टिटवी, तांबट. आधी हे पक्के करा. तांबट दिसणार नाही, पण टुक-टुक-टुक असा ठोका एकदा कानात बसला की तो रोज आहे हे कळेल. आवाजावरून ओळखलेला पक्षीही मोजायचा असतो, फक्त शेजारी "आवाज" असं लिहा.

अडतं ते पांढऱ्या बगळ्यांपाशी. सगळे पांढरे, सगळे गाळात उभे. तेव्हा चोच आणि पाय बघा, बाकी सगळं सोडा. चोच काळी, पाय काळे आणि बोटं पिवळीधम्मक, जणू पिवळे मोजे घातलेत, तर तो छोटा बगळा. चोच पिवळी आणि आखूड, मान बेताची, गवतात गुरांमागे किंवा कचऱ्याजवळ फिरतोय, तर गायबगळा. विणीच्या दिवसांत त्याचं डोकं नारिंगी होतं. अंगाने थोरला, मान इंग्रजी एस अक्षरासारखी मोडलेली आणि जबड्याची रेघ डोळ्याच्याही मागे गेलेली, तर मोठा बगळा. वंचकाचं वेगळंच. तो काठावर बसलेला असतो तेव्हा मातकट रेघांचा, चिखलात मिसळून गेलेला. पाऊल पुढे टाकलं की उडतो आणि एकदम पांढरे पंख उघडतात. याच फसवण्यावरून त्याचं नाव पडलं. त्याला मोजायचं तर पाण्याची कड इंच इंच बघत जावं लागतं, नाहीतर निम्मे सुटतात.

ओळखता आलं नाही तर तसंच लिहा: "बगळा, जात नक्की नाही, ४". ही नोंद कमी प्रतीची नाही. चुकीचं नाव घातलेली नोंद कमी प्रतीची. पहिल्या वर्षी मी एका पाणपक्ष्याला दुर्मीळ पाहुण्याचं नाव देऊन टाकलं. आम्ही नोंदी ई-बर्डवर चढवतो, त्याबद्दल पुढे येईलच; तिथल्या नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाने सौजन्याने विचारलं, काय काय बघून ठरवलंत? माझ्याकडे फोटो नव्हता आणि वहीतही वर्णन नव्हतं. नोंद मागे घेतली. तेव्हापासून वेगळं काही दिसलं की मी नाव शोधायच्या आधी चोच, पाय, आकार आणि तो काय करत होता हे चार शब्दांत लिहितो.

मराठी नावांबद्दल एक सावधगिरी. हळदीकुंकू म्हणजे चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाला लाल ठिपका असलेलं बदक. आणि पंखांखाली पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांचं एक फुलपाखरू, कॉमन जेझबेल, त्यालाही हळदीकुंकूच म्हणतात. पाकोळी म्हणजे कोणाकडे फुलपाखरू, कोणाकडे पक्षी. ही नावं मला फार प्रिय आहेत आणि वहीत तीच लिहावीत असं मी आग्रहाने सांगतो. फक्त वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक नावासमोर प्रमाण इंग्रजी किंवा शास्त्रीय नाव एकदा लिहून ठेवा, म्हणजे पुढे घोळ होणार नाही.

मोजायचं कसं

पाच-दहा पक्षी कोणीही मोजतो. थवा समोर आला की हात-पाय गळतात आणि माणूस "खूप" असं लिहितो. "खूप" हा आकडा नाही.

जानेवारीतली एक सकाळ सांगतो. पाणी उतरलेलं, गाळावर शेकाटे पसरलेले, लांब गुलाबी पायांवर उभे. आम्ही तिघे. मी डावीकडून दहा पक्षी एकेक करून मोजले. हात सरळ पुढे धरला तर ते दहा पेनच्या टोपणाएवढ्या रुंदीत मावत होते. मग तेच टोपण थव्यावरून डावीकडून उजवीकडे सरकवत नेलं: सतरा टोपणं. म्हणजे एकशे सत्तर. पण उजव्या टोकाला पक्षी दाट होते, तिथे एका टोपणात पंधराही असतील. सोबतच्या ताईंचा आकडा आला दोनशे दहा. आम्ही सरासरी काढली नाही. घाईत केलेल्या दोन मोजण्यांची सरासरी ही तिसरी मोजणी होत नाही. थवा बसलेला होता, म्हणून दोघांनी दाट भाग वेगळा आणि विरळ भाग वेगळा करून पुन्हा मोजलं. या वेळी एकशे अठ्ठ्याऐंशी आणि एकशे पंच्याण्णव. वहीत लिहिलं: शेकाट्या, १९०, अंदाज.

थवा हजारांत असेल तर दहाऐवजी पन्नासाचा किंवा शंभराचा तुकडा डोळ्यांत बसवायचा. उडत जाणारी रांग असेल तर पुढच्या टोकापासून तुकडे पाडत मागे यायचं. याचा सराव घरी होतो. थाळीत मूठभर मूग पसरा, दहा सेकंद बघा, आकडा बोला, मग मोजा. पहिल्यांदा बहुतेकांचा अंदाज कमीच येतो. आठवडाभर रोज दोनदा केलं की डोळा सुधारतो. आमच्या गटातली आठवीतली मुलगी आता आम्हा सगळ्यांपेक्षा अचूक सांगते.

एकच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून साधा नियम ठेवा. जाताना मोजा, त्याच वाटेने परत येताना फक्त नवीन जात दिसली तरच धरा. मागून उडून पुढे गेलेला पक्षी पुन्हा मोजू नका. माळभिंगऱ्या सारख्या घिरट्या घालत असतात, त्यांचा एका नजरेत एका वेळी दिसलेला सर्वांत मोठा आकडा घ्या.

आणि सगळे लिहा. कावळे लिहा, पारवे लिहा. नवीन लोक फक्त "चांगले" पक्षी लिहितात, ही सवय मोडायलाच हवी. तुम्ही ओळखलेली प्रत्येक जात यादीत असेल, तरच यादीत नसलेल्या जातीला काही अर्थ येतो. कावळे-चिमण्या वगळून केलेल्या यादीवरून चिमणी त्या दिवशी नव्हती की तुम्ही लिहिली नाही, हे दहा वर्षांनी कोणालाच सांगता येणार नाही.

वहीतलं एक पान

आमच्या वहीतलं पान असं दिसतं. वर डाव्या कोपऱ्यात तारीख, सुरुवात ६.५०, शेवट ७.४५, चाललेलं अंतर ९०० मीटर, मोजणारे तिघे. त्याखाली हवा आणि पाणी: "ढगाळ, वारा नाही, पाणी उतरतंय, गाळ निम्मा उघडा." मग थांबा १: वंचक ३, छोटा बगळा ११, खंड्या १ आवाज, तुतवार १ शेपूट हलवत. थांबा २, थांबा ३ असं पुढे. तळाशी एक मोकळी जागा असते. तिथे "पूर्वेकडच्या तिवरांवर प्लास्टिक अडकलंय", "दोन माणसं जाळं लावत होती", "पाण्याला वास" असं लिहितो. हीच मोकळी जागा पुढे सगळ्यांत जास्त वाचली जाते.

वेळ, अंतर आणि माणसं हे तीन आकडे कधीही सोडू नका. दहा जणांनी तीन तास फिरून केलेली यादी आणि दोघांनी पाऊण तासात केलेली यादी यांची तुलना या तीन आकड्यांवाचून होत नाही.

मोबाइलवर नोंद चढवणं

वही आपली, पण ती कपाटात राहते. नोंदी सगळ्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून दोन ठिकाणं पुरेशी आहेत.

पक्ष्यांच्या यादीसाठी ई-बर्ड. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने ते २००२ मध्ये सुरू केलं. भारतात बर्ड काउंट इंडिया हा समूह त्याचं काम बघतो. अ‍ॅप फुकट आहे, नेट नसतानाही चालतं. एका जागी उभं राहून मोजलंत की चालत, हे ते विचारतं. निदान पंधरा मिनिटं मोजा. शेवटी प्रश्न येतो: ओळखू आलेले सगळे पक्षी तुम्ही लिहिलेत का? याला प्रामाणिकपणे "हो" म्हणता यावं, यासाठीच वरची सगळी खटपट. संख्येच्या जागी फुली टाकायची सोय आहे, पण अंदाजी का होईना आकडा द्या. गटाने गेलात तर एकानेच यादी करून बाकीच्यांना जोडावी, नाहीतर तेच एकशे नव्वद शेकाटे तीनदा चढतात.

बाकी सगळ्यासाठी, म्हणजे फुलपाखरं, चतुर, खेकडे, झाडं, कोळी यांच्यासाठी, आय-नॅचरलिस्ट. इथे फोटो किंवा आवाज लागतो. तुम्ही सुचवलेल्या नावाला इतर जाणकार दुजोरा देतात किंवा दुरुस्ती करतात. नाव दुरुस्त झालं तर वाईट वाटून घेऊ नका, शिकायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. लावलेली झाडं "लागवडीतली" अशी खूण करून चढवा. रस्त्याकडेचा रेन ट्री अमेरिका खंडातून आणून लावलेला आहे, तो रानटी म्हणून नोंदला गेला तर नकाशाच चुकतो.

अ‍ॅपने झटकन सुचवलेलं नाव हा अंदाज असतो. त्यावर बोट ठेवण्याआधी ती जात ठाणे जिल्ह्यात, या महिन्यात, पूर्वी नोंदली गेली आहे का ते बघा.

फोटोबाबत एक गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवूनच फोटो काढा, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवून मग चढवू नका. तसा पाठवताना त्यातली जागेची माहिती निघून जाते. मूळ फोटोच चढवा, किंवा दुसऱ्याला द्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आमचे शेकडो फोटो याच कारणाने वाया गेले.

पंख नसलेले, आणि छोटे पंख असलेले

पक्ष्यांची घडी बसली की मगच पुढे जा. सगळं एकदम सुरू केलं की काहीच धड होत नाही.

फुलपाखरांची वेळ वेगळी. ऊन अंगावर आलं, साधारण नऊ वाजले, की ती बाहेर पडतात. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्यांचा भर. घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याची ओवळेकर वाडी ही बाग फुलपाखरांसाठीच ओळखली जाते, एकदा तिथे जाऊन डोळा तयार करून या. मग आपल्या सोसायटीतल्या कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मनच्या अळ्या सापडतील, अशोकावर टेल्ड जे, कुंपणाच्या रुईवर प्लेन टायगर. पंखांची वरची आणि खालची, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. ते दिसलं की मुलं महिनाभर तेवढंच बोलतात.

तिवरांच्या कडेला ओहोटीला पाच मिनिटं न हलता उभे राहा. आधी काहीच नसतं. मग बिळांतून फिडलर खेकडे येतात, नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी, ती तो वर-खाली हलवत असतो. निवट्या गाळावरून उड्या मारतात, मासे असून पाण्याबाहेर. यांची गणती डोंगराएवढी. त्यापेक्षा एक चौरस मीटर मनाशी आखा आणि तेवढ्यातली बिळं मोजा. चिखलात उतरू नका. तो गुडघ्यापर्यंत कधी ओढून घेतो ते कळत नाही, आणि श्वासमुळं तुटतात.

माणसं

एकट्याने सुरू करा, पण एकट्याने चालवू नका. आजारपण येतं, परीक्षा येतात, गणपती येतात, आणि वहीत तीन महिन्यांचं भगदाड पडतं. चार घरं असली तरी पुरतात. एक जण बघतो आणि बोलतो, एक जण फक्त लिहितो. लिहिणाऱ्याने दुर्बिणीला हात लावायचा नाही, हा आमचा नियम आहे. दर रविवारी कामं बदलतात.

गावठाणातल्या जुन्या माणसांशी बोला. तळं तळं नव्हतं, भातखाचर आणि मिठागर होतं, तेव्हापासून त्यांनी ही जागा बघितली आहे. कोणता मासा कधीपासून जाळ्यात येईनासा झाला, रोहित पूर्वी कुठे उतरायचे, हे ऐका आणि सांगणाऱ्याची परवानगी घेऊन लिहा. फक्त ही ऐकीव नोंद वेगळ्या पानावर ठेवा, मोजलेल्या आकड्यांत मिसळू नका.

हे करू नका

घरट्याचा फोटो काढायला फांद्या बाजूला सारू नका. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. कुरवांना, म्हणजे सीगलना, शेव-गाठी टाकू नका. घुबडाची ढोली, घरटी, खवल्या मांजराचा माग, यांचं नेमकं ठिकाण कोणत्याही ग्रुपवर टाकू नका. आय-नॅचरलिस्ट संकटातल्या जातींचं ठिकाण आपोआप धूसर करतं, बाकीच्या बाबतीत ती खूण तुम्ही स्वतः करू शकता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा नोंद करणाऱ्यालाही लागू आहे. पकडणं, हाताळणं, अंडी उचलणं यांपैकी काहीही नाही.

वर्षभरात कुठे जोडून घ्यावं

आपली रविवारची गणती चालू असली की मोठ्या मोहिमा सोप्या जातात. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह: ५ ला मारुती चितमपल्ली यांची जयंती, १२ ला सालिम अलींची. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ती भारतात १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, भारत त्यात २०१३ पासून आहे. एप्रिलअखेर सिटी नेचर चॅलेंज, म्हणजे शहरांतल्या निसर्गनोंदींची मोहीम. फ्लेमिंगो बघायचे तर फेब्रुवारी ते एप्रिल हा चांगला काळ. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने खाडीत जाता येतं. ही खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. तिथले थवे बघून परत आलात की आपल्या तळ्यावरचे सात बगळे थोडे वाटतील. तरी पुढच्या रविवारी ते सात लिहा.

नोंदींचं पुढे काय

वर्षाच्या शेवटी एक साधा हिशोब करा. समजा वर्षात चाळीस याद्या झाल्या आणि टिटवी त्यांतल्या तीसमध्ये होती, तर पंच्याहत्तर टक्के. पुढच्या वर्षी तीच चाळीसपैकी अठरा याद्यांत असेल तर पंचेचाळीस. थव्याचा आकडा अंदाजावर हलतो, पण आहे की नाही याचं प्रमाण चांगलं टिकतं. मग वहीतली तळाची मोकळी जागा वाचा: त्या काळात काठावर काय चाललं होतं? दोन्ही शेजारी ठेवून बघा, पण लगेच कारण ठरवू नका. हिवाळी पाहुण्यांचं कमी-जास्त होणं हजारो किलोमीटरवरच्या विणीवरही अवलंबून असतं. दोन वर्षांचे आकडे बोलतात कमी. पाच वर्षांचे ऐकण्यासारखे होतात.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने, म्हणजे महापालिकेनेही, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आहे आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची आहे. तुमच्या नोंदी तिथे जायला हव्यात. आम्ही तीन वर्षांच्या नोंदींचा एक पानी गोषवारा, जातींची यादी, महिन्यांचा तक्ता आणि हाताने काढलेला नकाशा असा गठ्ठा केला आणि जिथे पूर्वी उत्तर देता आलं नव्हतं त्याच कार्यालयात घेऊन गेलो. कोणते पक्षी, किती, आणि कशावरून म्हणता, या तिन्हींची उत्तरं पहिल्याच पानावर होती. जाताना अर्जाच्या दोन प्रती न्या. एक तिथे द्या, दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या, आणि ती वहीच्या मागच्या कव्हरमध्ये ठेवा.